समुद्राचे पाणी, मीठ आणि द्रव्याचे वर्ग

ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य. स्थायू, द्रव, वायू ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली विभागणी; पण तेच पाणी तापमानाप्रमाणे तिन्ही रूपे घेत असल्याने तिच्यावरून द्रव्याची ओळख पटत नाही. रसायनशास्त्राला महत्त्वाची वाटते ती घटकांवरून केलेली विभागणी: मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण.

गाळलेले समुद्राचे पाणी शुद्ध पाण्याइतकेच नितळ दिसते. तरीही त्याच्या एका किलोत सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांचे प्रमाण थेंबाथेंबात सारखे असते. म्हणून ते समांगी मिश्रण, म्हणजेच द्रावण. गढूळ पाण्यातली माती तळाशी बसते, ते विषमांगी. दूध मात्र डोळ्यांना फसवते: एकजीव वाटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्निग्धाचे असंख्य गोलक दिसतात.

डोळ्यांवर विसंबता येत नाही, तेथे भौतिक गुणधर्म उपयोगी पडतात. पदार्थाची घडण न बदलता ते मोजता येतात. वस्तुमान आणि आकारमान किती पदार्थ घेतला यावर ठरतात. घनता, द्रवणांक, उत्कलनांक यांचे तसे नाही. शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि शेवटच्या थेंबापर्यंत तापमापी तिथेच राहतो. खारे पाणी थोड्या जास्त तापमानाला उकळू लागते, आणि पाणी आटेल तसा पारा चढत जातो.

कोकणच्या किनाऱ्यावरची मिठागरे याच गुणधर्मांवर चालतात. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि पाणी गरम असो वा गार, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पाणी गार करून भागत नाही, ते उन्हात आटवावेच लागते. आटताना त्याची घनता १.०२५ वरून वाढत जाते. आधी जिप्सम खाली बसते; घनता १.२१ च्या आसपास आली की मिठाचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशिअमचे क्षार पाण्यातच राहतात, आणि हे कडवट पाणी वेळीच काढून टाकणे फार महत्त्वाचे. नाहीतर मीठ कडवट होते आणि त्याला ओल सुटते.

इथवर सगळे भौतिक बदल झाले. मिठाचे घटक सुटे करायला मात्र ते ८०१ अंशांना वितळवून त्यातून वीज सोडावी लागते. तेव्हा सुरीने कापता येणारा सोडिअम आणि हिरवट पिवळा, विषारी क्लोरीन वायू मिळतो. दोघांचेही गुण मिठात उतरलेले नसतात. हेच संयुगाचे लक्षण. सोडिअमचे याहून साधे पदार्थ होत नाहीत, म्हणून तो मूलद्रव्य. ही कसोटी साधनांच्या मर्यादेत चालते: रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या १७८९ च्या यादीत चुनाही मूलद्रव्य होता, १८०८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने विजेच्या साहाय्याने त्यातला कॅल्शिअम वेगळा केला. आज ज्ञात मूलद्रव्ये ११८ आहेत.

मीठ कोठलेही असो, त्यात सोडिअम आणि क्लोरीन यांचे वस्तुमान २३ ला ३५.५ याच प्रमाणात असते. मिश्रणाला असे बंधन नाही. पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळले की खाडीच्या तोंडाशी खारेपणा घटतो.