आधी पाचशे, मग हँडल

फिल्मवर फोटो काढणारी तरुण मुलं मुंबईत पुन्हा दिसू लागली आहेत, त्यांच्यावर काहीतरी लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मुलं भेटली. गळ्यात आजोबांचा नाहीतर चोरबाजारातला कॅमेरा, बोलण्यात ग्रेन आणि टोन, आणि शेवटी त्या ग्रेनचे फोटो इन्स्टाग्रामवर. टिंगल करायचा इरादा नाही, बऱ्याच जणांचं काम चांगलं आहे. पण कॅमेरा बिघडला की कुठे नेता, असं विचारलं की जो तो एकच पत्ता सांगायचा. तिथे गेलो आणि मूळ विषय मागे पडला.

पत्ता फोर्टातला, बोरा बाजाराच्या अंगाचा. खाली बॅगा, ट्रायपॉड आणि सीसीटीव्ही विकणारी दुकानं. लाकडी जिन्याने वर गेलं की एक अरुंद खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरा पंचा अंथरलेला. पंच्यावर पडलेला स्क्रू उडत नाही आणि लगेच दिसतो. टेबलामागच्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. नाव छापू नका, म्हणाले. छापलं तर गिऱ्हाईकं वाढतील आणि तेवढं काम ओढायला आता डोळे साथ देत नाहीत.

पंच्यावर उघडून ठेवलेला होता रोलीफ्लेक्स ऑटोमॅट. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने १९२९ मध्ये पहिला रोलीफ्लेक्स काढला आणि १९३७ मध्ये हे ऑटोमॅट मॉडेल. एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. वरच्या भिंगामागे तिरका आरसा, त्यावरची प्रतिमा घासलेल्या काचेवर पडते, आणि फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून ती बघतो. प्रतिमा सरळ असते, पण डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे चालला की काचेवर तो उजवीकडे जातो आणि नवख्याचा कॅमेरा नेमका चुकीच्या बाजूला वळतो. जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत जे टिपलं, त्यातलं बरंचसं असं मान खाली घालून टिपलेलं आहे. समोरच्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता काढलेल्या फोटोत माणसं थोडी मोकळी दिसतात, असं मला त्यांचे फोटो पाहताना नेहमी वाटतं.

तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला रोलीफ्लेक्स कुठला परवडायला! त्याच्याकडे याच घाटाचा जपानी यशिका असायचा. आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपऱ्यांत अडकवलेले चौकोनी फोटो असतील, तर ते बहुधा यशिकाचे. आणि घरच्या सहलीचे, थोडे हललेले असतील, तर बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीचे.

काकांचा जीव मात्र ऑटोमॅटवर आहे, आणि तोही त्यातल्या एका जोडीवर. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं की खालच्या बाजूला, फिल्मच्या वाटेत, दोन बारीक रूळ दिसतात. १२० नंबरच्या रोलमध्ये फिल्मच्या पाठीला लांब कागद असतो. सुरुवातीला बराच वेळ नुसता कागदच सरकतो, मग चिकटपट्टीने जोडलेलं फिल्मचं टोक येतं. इतर बऱ्याच कॅमेऱ्यांत मागच्या लाल खिडकीतून कागदावरचा आकडा वाचत रोल पुढे घ्यावा लागतो. ऑटोमॅटमध्ये तो कागद या दोन रुळांच्या मधून ओवायचा, दार लावायचं आणि हँडल फिरवायचं. कागद जातोय तोवर रूळ स्वस्थ असतात. चिकटपट्टीची जाड घडी मधून गेली की वरचा रूळ केसाएवढा उचलला जातो, त्याला जोडलेली तरफ सुटते, आकड्याचं चक्र जागं होतं आणि हँडल बरोबर एकवर येऊन अडतं. त्यानंतर प्रत्येक फेरीला फिल्मही पुढे जाते आणि शटरही ताणलं जातं. बारा फोटो. ना सेल, ना वायर. फक्त कागद आणि फिल्म यांच्या जाडीतला फरक.

"याला बोट लागतं तशी फिल्म लागते," काका म्हणाले आणि चिमट्याने तो रूळ अलगद उचलून दाखवला. आत कुठेतरी टिक् झालं. कागद रुळांच्या वरून घातला, तर चक्र जागंच होत नाही आणि हँडल फिरतच राहतं. पूर्ण रोल एकही फोटो न काढता दुसऱ्या टोकाला जातो. काकांकडे येणाऱ्या निम्म्या 'बिघडलेल्या' ऑटोमॅटचा बिघाड एवढाच असतो. त्याचे ते पैसे घेत नाहीत, पण दोन शब्द ऐकवतात.

दुसरं दुखणं शटरचं. भिंगाच्या आत बसणारं हे शटर म्युनिकच्या डेकेल कंपनीचं कॉम्पूर. पातळ पोलादी पाकळ्या उघडतात, मिटतात. जलद गती नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर मिळते, पण एक सेकंद, अर्धा सेकंद अशा संथ गतीसाठी पाकळ्या धरून ठेवायला दातेरी चाकांची एक माळ असते. ती घड्याळासारखी अडखळत सुटते. ऐंशी वर्षांत तिच्यातलं तेल घट्ट होतं. मग एक सेकंदावर लावलेला कॅमेरा उघडतो आणि उघडाच राहतो. काका कळ दाबतात आणि कान लावतात. घर्रर्र असा सलग आवाज आला तर ठीक. मध्येच आवाज जड झाला तर माळ बाहेर काढून धुवायची, सुकवायची, आणि टाचणीच्या टोकावर राहील एवढंच तेल धुऱ्यांना द्यायचं. पाकळ्यांना थेंबभरही नाही. तेलाची नुसती वाफ लागली तरी त्या एकमेकींना चिकटतात. आणि गिऱ्हाइकाला परत देताना एकच ताकीद: आधी पाचशे, मग हँडल. या जुन्या शटरमध्ये पाचशेच्या गतीला एक जादा स्प्रिंग मदतीला येते. शटर ताणून झाल्यावर चकती पाचशेकडे रेटली, तर त्या स्प्रिंगशी झोंबाझोंबी होते आणि काहीतरी मोडतं.

एक सेकंद कानाने कळतो. एक पंचशतांश सेकंद कसा मोजायचा? काकांनी खोलीतला दिवा मालवला आणि कोपऱ्यातला छोटा कृष्णधवल टीव्ही लावला. दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण संपलं, अँटेना गच्चीवरून कधीच गेली, पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यांना तेवढंच हवं असतं. पिक्चर ट्यूबमध्ये चित्र एकदम उमटत नाही. प्रकाशाचा ठिपका वरून खाली ओळी ओढत जातो आणि पूर्ण पडदा ओलांडायला त्याला एक पन्नासांश सेकंद लागतो. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी घासलेली काच बसवली, भिंग टीव्हीकडे केलं आणि कळ दाबली. काचेवर क्षणभर एक उजळ पट्टा चमकून गेला. शटर खरोखर पाचशेला चाललं तर पट्टा पडद्याच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढा हवा, शंभरला निम्मा, पन्नासला पूर्ण पडदा. या कॅमेऱ्याचा पट्टा जरा रुंद वाटला. "सातवा हिस्सा धरा. म्हणजे साडेतीनशे. चालतंय. फिल्म एवढं पोटात घालते." आता फोनला लावायचे सेन्सर मिळतात, ते आकडा दशांशात सांगतात. काकांनी एक घेतलाही आहे. तो ड्रॉवरमध्ये आहे.

दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्यातून एक रोल काढून स्वतः धुतल्याशिवाय काका तो परत देत नाहीत. रोल धुण्याची जागा म्हणजे खोलीमागची मोरी. सिनेमात डार्करूम म्हटलं की लाल दिवा दाखवतात, पण तो कागदावर प्रिंट काढताना. ही फिल्म लाल रंगालाही भुलते, त्यामुळे ती डब्यात भरेपर्यंत पूर्ण अंधार लागतो. कोट उलटा घालावा तशी दिसणारी एक काळी पिशवी असते. तिच्या बाह्यांत हात घालून कागदापासून फिल्म सोडवायची आणि प्लास्टिकच्या रिळावर चढवायची. पावसाळ्यात हाताला घाम, रिळाला दमटपणा. फिल्म अर्ध्यावर अडते आणि पुढेही जात नाही, मागेही येत नाही. तेव्हा काका हात बाहेर काढत नाहीत, नुसते थांबतात. बाहेर काढले तर प्रकाश आत जाईल, ओढलं तर फिल्म दुमडेल.

डेव्हलपर ते घरीच करतात, कोडॅकने १९२७ मध्ये दिलेल्या डी-७६ च्या मापाने: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. बोरॅक्स म्हणजे सोनाराकडचा टाकणखारच. क्रम महत्त्वाचा. सल्फाइट आधी सगळं ओतलं तर मेटॉल विरघळायला नकार देतं. सल्फाइट अजिबातच नसेल तर मेटॉल हवेने काळवंडतं. म्हणून आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सगळं. मेटॉलने कातडी सोलवटते. काकांच्या बोटांच्या पेरांवर त्याच्या खुणा आहेत आणि हातमोजे आता कुठे घालायला लागले आहेत.

ही सगळी मापं २० अंशांची. मुंबईत मे महिन्यात नळालाच तिशीपुढचं पाणी येतं. एचपी-५ फिल्म २० अंशाला साडेसात मिनिटं धुवायची असेल, तर २४ अंशाला साडेपाचच्या आत आटपावी लागते. त्याहून गरम द्रावणात वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो आणि आकाशावर ढगाळ डाग पडतात. त्यामुळे खालच्या रसवंतीतून बर्फ येतो. तो डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, बाटल्या ज्या बादलीत उभ्या त्या पाण्यात टाकायचा. आणि डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा हायपो, धुण्याचं पाणी, सगळ्यांचं तापमान सारखं ठेवायचं. एकदम गरम-गार झालं की फुगलेलं जिलेटिन आक्रसतं आणि निगेटिव्हवर जाळी पडते. दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात याहून कठीण चाललं होतं. त्यांच्याकडे कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची आणि सरस्वतीबाई अंधारात बसून तिच्या कडांना यंत्राने छिद्रं पाडायच्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या यशात त्या काळोखातल्या कामाचा हिशेब सहसा धरला जात नाही.

इथवर कौतुक झालं. आता अडचणी, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत.

पहिली फिल्मची. आपली फिल्म आपण बनवायचो. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, १९६७ पासून माल निघू लागला, आणि 'इंदू' नावाची कृष्णधवल फिल्म खेड्यातल्या स्टुडिओपर्यंत पोचली. नव्वदच्या दशकात कारखाना आजारी ठरला आणि पुढे बंद झाला. काका इंदूची फार तारीफ करत नाहीत; पण ती मिळायची, उधारीवर मिळायची. आता रोल परदेशातून येतो आणि बारा फोटोंना जी किंमत मोजावी लागते ती ऐकून गिऱ्हाईक कळ दाबायलाच बिचकतं. शिवाय काही नव्या फिल्मचा पाया इतका पातळ असतो की ऑटोमॅटच्या रुळांना तिची चाहूल लागत नाही. मग काका चिकटपट्टीवर आणखी एक पट्टी लावायला सांगतात, अर्थात काळ्या पिशवीत.

दुसरी बुरशीची. जुलैत भिंगाच्या आत कोळ्याच्या धाग्यांसारखी बुरशी धरते. वेळीच पुसली तर जाते. राहिली तर काचेवरचा मुलामा खाते आणि मग पुसून उपयोग नसतो. घरात भिंग सगळ्यात सुरक्षित कुठे, तर चामड्याच्या मूळ केसमध्ये, असं गिऱ्हाइकांना वाटतं. चामडं ओल धरतं, म्हणजे नेमकं उलटं.

तिसरी सुट्या भागांची. नवं काही बनत नाही, त्यामुळे तीन मेलेल्या कॅमेऱ्यांतून एक जिवंत करायचा. पण मेलेले कॅमेरेही आता सहज मिळत नाहीत. शोभेसाठी त्यांना जास्त भाव आहे. हॉटेलांच्या भिंतींवर आणि दिव्यांच्या बुडाशी कितीतरी यशिका अडकले आहेत, ज्यांचं एखादं चाक काकांना हवं आहे. निगेटिव्हचंही तेच. स्टुडिओ बंद झाले, फिल्म आणि वापरलेला हायपो चांदी काढणाऱ्यांनी उचलला. यात नवं काही नाही. 'आलम आरा'चीही एक प्रत आज उरलेली नाही.

आणि शिकणारे? एक मुलगा काही वर्षं होता. हात उत्तम. तो ड्रोन दुरुस्तीत गेला, कारण तिथे दिवसाचं काम दिवसात संपतं आणि पैसे लगेच मिळतात. काका त्याला नावं ठेवत नाहीत. सध्या उपयोजित कलेची एक विद्यार्थिनी शनिवारी येते. संथ गतीची माळ ती आता एकटी धुते, टीव्हीवरचा पट्टाही तिला वाचता येतो. भिंगांची जुळणी अजून नाही, आणि ऑटोमॅटच्या रुळांना हात लावायची परवानगी नाही. तिने परवानगीची वाट न पाहता घरी स्वतःचा एक उघडला. परत जोडला, चालतो, हँडल एकवर येऊन थांबतं, पण एक स्क्रू उरला आहे. तो काडेपेटीत घालून तिने काकांपुढे ठेवला. काकांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ त्याचे आटे बघितले.

"रुळाचा नाही," म्हणाले. "कॅमेरा घेऊन ये शनिवारी. आणि तोवर त्यात महागाची फिल्म घालू नकोस."