सोळाव्या हिश्श्याचं विमान

स्वतःचं जेट म्हणजे बड्या उद्योगपतींचं काम, असं म्हणून तुम्ही तो विषय कधीच सोडून दिला असेल. पण जरा थांबा! विमान आता तासावर मिळतं, हिश्श्याने मिळतं, आणि नशीब जोरावर असेल तर रिकामं परत जाताना सवलतीतही मिळतं. फक्त बुकिंगच्या आधी कागद-पेन घेऊन बसायची तयारी हवी.

कल्पना कँटीनमध्ये सुचली. तिसरा चहा, गुरुवारची दुपार आणि समोर लाँग वीकेंड. आम्ही सहा जण गोव्याला जाणार होतो. विमानाची तिकिटं नेहमीप्रमाणे कडाडलेली. तेवढ्यात आमच्यातला एक म्हणाला, ''यार, सहा जण आहोत. टेम्पो ट्रॅव्हलर करतो तसं एक विमानच करू या ना!''

सगळे हसले. मग हसता हसता गप्प झाले. मग चौघांनी मोबाईल बाहेर काढले.

तुमच्याही ग्रुपमध्ये हा डायलॉग कधीतरी होणारच. कारण चार्टर विमान आता फक्त सिनेमातल्या हीरोचं वाहन राहिलेलं नाही. वेबसाइटवर नाव-गाव टाकलं की तासाभरात कोटेशन येतं. कोटेशन आलं म्हणजे परवडलं असं मात्र नाही. त्यातल्या बारीक अक्षरांचा फंडा आधी समजून घ्या.

मीटर कधी सुरू होतं?

टॅक्सीत आपण बसलो की मीटर पडतं. विमानाचं तसं नाही. ते जिथे उभं असतं तिथून तुमच्याकडे येण्याचा आणि तुम्हाला सोडून घरी परतण्याचा खर्चही तुमच्याच बिलात येतो. त्या रिकाम्या फेरीला या धंद्यात 'फेरी फ्लाइट' म्हणतात. म्हणजे तुमचं विमान दिल्लीत उभं असेल आणि तुम्हाला मुंबईहून गोव्याला जायचं असेल, तर सर्वात लांबचा प्रवास तुमच्याशिवायच होणार, तोही तुमच्या पैशाने!

आमचंच उदाहरण घ्या. हिशेबाला सोपं जावं म्हणून धरून चालू, की सहा सीटचं छोटं जेट तासाला २ लाखांना मिळतंय आणि ते मुंबईतच उभं आहे. मुंबई-गोवा उड्डाण साधारण एक तासाचं. शुक्रवारी जायचं, रविवारी यायचं. म्हणजे दोन तास, ४ लाख? छे!

शुक्रवारी आपल्याला सोडून विमान रिकामं परतणार, रविवारी रिकामं येऊन आपल्याला घेऊन जाणार. झाले चार तास, म्हणजे ८ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ९ लाख ४४ हजार. माणशी दीड लाखाच्या वर. लँडिंग, पार्किंग आणि हँडलिंगचे पैसे वेगळे.

मग विमान गोव्यातच थांबवून ठेवलं तर? हा प्रश्न आम्हीही मोठ्या हुशारीने विचारला. उत्तर मिळालं, की बरेच ऑपरेटर दिवसाला किमान दोन तासांचं बिल लावतात, विमान उडो अथवा न उडो. तीन दिवसांचे सहा तास, १२ लाख, वर कर. शिवाय पायलट मंडळींचं हॉटेल. म्हणजे आपण बीचवर लोळणार आणि आपलं विमान दाबोळीला उभ्या उभ्या बिल वाढवणार!

सामायिक विहिरीची पाळी

वारंवार उडणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे, हिश्श्याने मालकी. इंग्रजी नाव भारदस्त आहे, फ्रॅक्शनल ओनरशिप. कल्पना मात्र आपल्या आजोबांना ठाऊक असलेली. गावाकडे चार भावांत एक विहीर असते. खणायचा खर्च वाटून, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. विमानाचंही तेच.

साधारण गणित असं. एक विमान वर्षाला ८०० तास प्रवाशांसाठी उडेल असं धरतात. त्याचा सोळावा हिस्सा घेतला, तर तुमच्या वाट्याला वर्षाला ५० तास येतात. मुंबई-दिल्ली-मुंबई म्हणजे साधारण चार तास. म्हणजे महिन्याला एक फेरी, बस्स. त्यासाठी हिश्श्याची किंमत एकदम, देखभालीचे पैसे दर महिन्याला, आणि उडाल त्या प्रत्येक तासाचे वेगळे. करार सहसा पाच वर्षांचा असतो. तो संपला की हिस्सा बाजारभावाने परत. विमान जुनं झालेलं असतं, त्यामुळे घातलेली सगळी रक्कम हाती येईल अशी आशा धरू नका.

सामायिक विहिरीचं दुखणंही इथे आहेच. पाणी सगळ्यांना एकाच दिवशी हवं असतं! दिवाळी, ख्रिसमस, मोठ्या मॅचचा दिवस. कंपन्या करारातच अशा 'पीक' दिवसांची यादी देतात आणि त्या दिवसांसाठी वेगळ्या अटी घालतात. सही करण्याआधी ती यादी वाचली नाही, तर ऐन पाडव्याला मालक असूनही विमान नाही, अशी गत व्हायची.

बफे साहेबांचं विमान

या कल्पनेला धंद्याचं रूप दिलं ते अमेरिकेत, रिचर्ड सँटुली या गणिताच्या माणसाने. गोल्डमन सॅक्समधली नोकरी सोडून त्याने १९८४ मध्ये एक जुनी चार्टर कंपनी विकत घेतली आणि १९८६ मध्ये 'नेटजेट्स' नावाने हिस्से विकायला सुरुवात केली. त्याची खरी हुशारी पुढे होती. तुमचा हिस्सा एका विमानात असला, तरी गरज पडेल तेव्हा ताफ्यातलं त्याच जातीचं कुठलंही विमान तुम्हाला मिळायचं. म्हणजे विहीर एक नाही, पन्नास. कुठल्या तरी विहिरीत पाणी असणारच!

ग्राहकांत एक नाव होतं वॉरन बफे. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाने १९८९ मध्ये कंपनीसाठी ६७ लाख डॉलरचं सेकंडहँड जेट घेतलं आणि स्वतःचीच टिंगल करत त्याचं नाव ठेवलं 'द इनडिफेन्सिबल', म्हणजे ज्याचं समर्थनच करता येणार नाही असं. १९९५ मध्ये त्यांनी नेटजेट्सचा हिस्सा घेतला. सेवा इतकी आवडली, की १९९८ मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेने ७२ कोटी ५० लाख डॉलर मोजून अख्खी कंपनीच खिशात टाकली.

पण गोष्ट इथे संपत नाही. मंदी आली, कंपन्यांनी सर्वात आधी विमानं सोडली आणि २००९ या एका वर्षात नेटजेट्सला करापूर्वी ७१ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला. बफेंसारख्या जाणकाराचे हात जिथे पोळले, तिथे आपण बोनसच्या भरवशावर उडी मारण्याआधी दहादा विचार केलेला बरा.

भारतात हिश्श्याचा प्रयोग २००५ मध्ये दिल्लीच्या क्लब वन एअरने सुरू केला. पुढे २०१४ मध्ये कनिका टेकरीवाल यांनी जेटसेटगो काढली. इतरांच्या मालकीची, नुसतीच उभी असलेली विमानं भाड्याने फिरवायची, ही त्यामागची कल्पना. विमान जमिनीवर जितका वेळ उभं, तितका मालकाला भुर्दंड. ते हवेत ठेवायचं, एवढंच या साऱ्या धंद्याचं सूत्र.

रिकामं विमान, अर्धी मजा

आता आपल्या बजेटच्या जवळ येऊ. आठवतंय, गोव्यात सोडून रिकामं परतणारं विमान? त्याचा खर्च आधीच कुणीतरी भरलेला असतो. त्यामुळे ऑपरेटर त्या फेरीची विक्री बऱ्याच कमी दरात करतात. याला 'एम्प्टी लेग' म्हणतात. मोठा ग्रुप असेल आणि तारखेची घाई नसेल, तर हा सौदा खरंच बघण्यासारखा आहे.

गोम अशी, की वेळापत्रक तुमचं नसतं. मूळ गिऱ्हाइकाने बेत बदलला की तुमचं विमानही रद्द. शिवाय प्रवास एकाच बाजूचा. सोमवारी सकाळी दहाला बॉससमोर प्रेझेंटेशन असेल, तर रविवारचा एम्प्टी लेग घेऊ नका. घेतलात तर खिशात दुसरं तिकीट ठेवा.

मुंबईकरांना आणखी एक अडचण. आपल्या सांताक्रूझच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणूनच २०२४ मध्ये गर्दीच्या तासांत बिझनेस जेट्सवरचे निर्बंध वाढवण्यात आले. पैसे मोजूनही हवी ती वेळ मिळेलच असं नाही.

आणि धुराचा हिशेब? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, २०१९ ते २०२३ या काळात खासगी विमानांचं कार्बन उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि त्यांची जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती. मुंबई-गोवा त्याच यादीत बसतं, बरं का!

रात्री अडीचचा फोन

इथवर सगळं मौजेचं होतं. पण चार्टर विमानाची चौकशी मध्यमवर्गीय माणूस बहुतेक वेळा गोव्यासाठी करत नाही. तो करतो हॉस्पिटलसाठी.

कँटीनमध्ये सगळे मोबाईल काढत असताना आमच्यातला एक जण गप्प होता. नंतर त्याने सांगितलं. गेल्या वर्षी रात्री दोनच्या सुमाराला त्याच्या वडिलांना गावी पक्षाघाताचा झटका आला. हा मुंबईत, आई-वडील मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी. अडीच वाजता त्याने एअर अॅम्ब्युलन्सवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्याचं विमान दिल्लीत होतं. दुसऱ्याने सांगितलं, की जवळच्या धावपट्टीवर रात्री उतरायची सोय नाही, उजाडल्यावरच येता येईल. तिसरा म्हणाला, ''सर, लगेच निघतो, अर्धे पैसे आत्ता टाका.'' परमिटची प्रत मागितल्यावर फोन कट.

पैसे जमवायची त्याची तयारी होती. पीएफ, एफडी, सगळं मोडायला तो निघाला होता. तेवढ्यात त्याच्या मामेबहिणीने, ती नर्स आहे, त्याला फोनवरच झापलं. ''दादा, गुठळीचा स्ट्रोक असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुझं विमान येईतो सकाळ होईल. मी काकांना गाडीत घालतेय.'' दोन तासांच्या रस्त्यावर सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल होतं. पहाटे पाचच्या आत ते पोहोचले. वडील आज काठी घेऊन चालतात.

''मी त्या रात्री मुंबईचंच हॉस्पिटल धरून बसलो होतो,'' तो म्हणाला. ''विमान जोरात जातं रे. पण ते येईपर्यंतचा वेळ मी मोजलाच नव्हता.''

फोन फिरवण्यापूर्वी

मौज असो वा अडचण, एवढं विचाराच:

• विमान आत्ता कुठे उभं आहे? तिथून येण्या-जाण्याचे पैसे कोटेशनमध्ये धरले आहेत का?

• डीजीसीएचं नॉन-शेड्युल्ड ऑपरेटर परमिट आहे का? प्रत मागा. मालकाच्या खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्याने चालवता येत नाही, मग मालक कितीही ओळखीचा असो.

• विमानाचा नोंदणी क्रमांक, दोन पायलट आणि प्रवाशांचा विमा, हे सगळं लेखी आहे का?

• धावपट्टी किती वाजता उघडते? रात्री उतरता येतं का?

• पाऊस-धुक्यामुळे उड्डाण रद्द झालं तर किती पैसे परत? आणि पायलट 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुसळधार पावसात उतरताना एक चार्टर जेट धावपट्टीवरून घसरलं. आतले आठही जण वाचले, पण विमानाचे तुकडे झाले.

• रुग्ण असेल तर स्ट्रेचर, ऑक्सिजन, डॉक्टर आणि दोन्ही टोकांची रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स दरात धरली आहे का?

आणि एक काम आज रात्रीच करा. आई-वडिलांची मेडिक्लेम पॉलिसी काढून बघा. काही पॉलिसींमध्ये एअर अॅम्ब्युलन्सचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. त्याच कागदावर, त्यांच्या घराजवळचं चोवीस तास सीटी स्कॅन चालू असणारं हॉस्पिटल कोणतं, तेही लिहून ठेवा. हा नंबर फुकट मिळतो, आणि अडीच वाजता तोच कामाला येतो.

आमच्या गोव्याचं काय झालं म्हणता? कोकणकन्येची सहा तिकिटं मिळाली, तीही तीन वेगवेगळ्या डब्यांत. माणशी दीड लाख वाचले! व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव मात्र अजून 'जेट सेट'च आहे.