वाटोळा : वर्तुळाचा घरचा भाऊ

'वाटोळं झालं' म्हटलं की बुडालेलं पीक, मोडलेला संसार नाहीतर गमावलेला पैसा डोळ्यांपुढे येतो. आज हा शब्द बहुतेक याच अर्थानं कानी पडतो. पण 'वाटोळा' हे आकाराचंही विशेषण आहे. वाटोळा चेहरा, वाटोळे डोळे, वाटोळा खांब म्हणजे गोल, गरगरीत.

त्याचं मूळ संस्कृत 'वर्तुल'. प्राकृतात 'र्त'चा 'ट्ट' होऊन 'वट्टुल' झालं. मराठीत जोडाक्षर सुटं झालं, आधीचा स्वर लांबला आणि 'ल'चा 'ळ' झाला. 'सप्त'चं 'सत्त' आणि मग 'सात' झालं ते असंच. भूमितीच्या पुस्तकातलं 'वर्तुळ' संस्कृतातून थेट उचललेलं, तर 'वाटोळा' पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून घडलेला.

दोघांच्या पोटात 'वृत्' हा धातू आहे. फिरणं, वळणं हा त्याचा जुना अर्थ. भाकरी थापताना पाहा. परातीतला पिठाचा गोळा तळहाताखाली पसरतो आणि प्रत्येक थापेसरशी थोडा फिरतो. तो फिरायचा थांबला, तर एक कड जाड राहते आणि भाकरी वेडीवाकडी होते. फिरण्यातूनच वाटोळेपण येतं. आवर्तन, परिवर्तन, निवृत्ती हे शब्द याच धातूचे. कापूस वळून केलेली समईतली वात 'वर्ति'पासून आली, म्हणजे तीही याच कुळातली.

गणितानं याच धातूतून 'वृत्त' घेतलं. इ. स. 499च्या सुमारास आर्यभटानं 20,000 व्यासाच्या वृत्ताचा परीघ 62,832 सांगितला. म्हणजे गुणोत्तर 3.1416. ते तंतोतंत नाही, जवळपासचं आहे, हे सांगायला त्यानं 'आसन्न' हा शब्द वापरला. 'आर्यभटीया'च्या चौथ्या भागाचं नाव 'गोलपाद'. त्यात आकाशगोलाचा विचार आहे. आपल्या शाळेतही हा भेद शिकवतात : कागदावर काढतात ते वर्तुळ, चेंडूसारखा भरीव तो गोल. बोलीतल्या 'वाटोळ्या'ला ही वाटणी नाही. सपाट भाकरीही वाटोळी आणि उभा खांबही वाटोळा.

इतका कामाचा शब्द केवळ नुकसानीच्या हवाली करणं बरं नव्हे. मुलं चित्र काढायला बसली की त्यांना खुशाल सांगावं, 'चंद्र अजून वाटोळा काढ.' वापरात राहिला, तरच त्याचा हा अर्थ टिकेल.