बाळाची फळप्युरी : घरी कशी करायची, आणि बाटलीत भरून विकायची का?



गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला सिडकोतल्या एक ताई आल्या होत्या. मांडीवर सात महिन्यांचं बाळ आणि पिशवीत काचेच्या सहा छोट्या बाटल्या. सफरचंद, चिकू, पपई, केळं, नासपती, सीताफळ, प्रत्येकीचा रंग वेगळा. लेबलंसुद्धा घरीच छापलेली, त्यावर हसऱ्या बाळाचा फोटो. "सर, माझं पिल्लू हे चाटूनपुसून खातं. सोसायटीतल्या चार जणी मागतायत. मिस्टर चाळीस हजार घालायला तयार आहेत. मशीन कुठलं घेऊ ते सांगा."

मी म्हटलं, ताई, मशीनचं उद्या बोलू. आज यातली चिकूची बाटली इथे टेबलावर ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर ती उघडली. झाकण फिरवताच "फस्स" आवाज झाला, वर फेस होता आणि आंबूस वास आला. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. फळ चांगलं होतं, हात स्वच्छ होते, बाटली उकळलेली होती. तरी असं का झालं, हे नीट कळलं तर तुमचे चाळीस हजार वाचतील. म्हणून आजचा विषय हाच. पण आधी घरची प्युरी कशी करायची ते बघू, कारण ती नीट जमणं हेही सोपं नाही.

घरच्या बाळासाठी

सुरुवात कधी? सहा महिने पूर्ण झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघेही हेच सांगतात. आपल्याकडे उष्टावणाला मुलीचा पाचवा महिना धरायची पद्धत काही घरांत आहे. मामाने सोहळ्याला चमच्याच्या टोकाने खीर चाटवली, फोटो काढले, इथपर्यंत ठीक. रोजचा वरचा आहार मात्र सहा महिन्यांनंतरच, मुलगा असो की मुलगी. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फळ निवडताना पिकलेलं घ्या. जाधववाडीतून घ्या नाहीतर औरंगपुऱ्यातून, फळ कार्बाइडने पिकवलेलं नसावं. कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात ती सापडतात. मी स्वतः कच्चट आंबा आणि चिकू आणून घरीच आढी घालतो. चार दिवस थांबावं लागतं, पण खात्री असते. चिकू कडक असेल तर चीक लागतो, बाळ तोंड वाकडं करतं आणि आई म्हणते, "याला चिकू आवडत नाही." आवडत नाही असं नसतं, चिकू पिकलेला नसतो.

केळं, पपई, चिकू, आंबा यांना शिजवायची गरज नाही. फळ आधी धुवायचं, मग सोलायचं. उलट केलं तर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. केळं काट्याने कुस्करा, मिक्सर लागत नाही. आंब्याचा रस गाळून घ्या, धागा राहायला नको. सफरचंद आणि नासपती मात्र वाफवावीच लागतात, कारण कच्च्या सफरचंदाचा तुकडा घशात अडकतो. साल आणि बिया काढून फोडी करा, इडलीपात्रात आठदहा मिनिटं वाफवा. फोडीत चमचा सहज शिरला की झालं. खाली उरलेलं तेच पाणी घालून पातळ करा.

मिक्सरबद्दल एक सांगतो. ज्या भांड्यात काल लसणाची चटणी वाटली त्यात बाळाचं काही करू नका. कितीही घासलं तरी पात्याखालच्या रबरी चकतीत काहीतरी राहतंच. आपल्या घरात याहून चांगलं साधन आहे : पुरणयंत्र. बारीक जाळी लावून वाफवलेलं सफरचंद फिरवा, सुरेख मऊ गर पडतो. ते पूर्ण सुटं होतं, उकळत्या पाण्यात टाकता येतं. ज्या बाजारात बेबी फूड मेकर म्हणून चारचार हजारांची यंत्रं विकतात, तिथे हे कुणी सांगत नाही.

पाण्याचं तर आपल्या शहरात विचारूच नका. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणजे आपण वापरतो ते टाकीत किंवा पिंपात साठवलेलं पाणी. बाळाच्या अन्नात जाणारं पाणी उकळूनच घ्या, आणि भांडी शेवटी उकळत्या पाण्याने विसळा.

साखर, मीठ, गूळ पहिलं वर्षभर नको. मध तर अजिबात नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोसंबी आपल्या भागाची, पैठण-जालन्याकडची, म्हणून आजी रस पाजायला निघते. तिला प्रेमाने थांबवा. रसात चोथा जातो, साखर उरते आणि पोट मात्र भरतं.

नवं फळ एका वेळी एकच, दोनतीन चमचे. दोनतीन दिवस बघा, पुरळ किंवा जुलाब नसतील तर पुढचं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, फळ म्हणजे जेवण नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह लागतं, ते सफरचंदात नाही. घट्ट वरण-भात, तूप, नाचणीची लापशी, चालत असेल तर अंडं, हे मुख्य आणि फळ त्याच्या जोडीला. वरणाचं वरचं पाणीही कामाचं नाही, डाळ खाली राहते. आठव्या महिन्यापासून जाळी जाड करत जा, थोड्या गुठळ्या राहू द्या. वर्षभर गुळगुळीतच भरवलं तर पुढे पोर चावायला कंटाळतं.

उरलेल्याचं काय? बाळाचा चमचा ज्या वाटीत बुडला ती वाटी परत फ्रिजमध्ये जात नाही. लाळेबरोबर जंतू गेलेले असतात. न उष्टावलेली प्युरी फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवा. बाहेर ठेवायची नाही, आणि आपल्या मे महिन्यात तर तासाभरातच टाकून द्या.

लोणचं टिकतं, मग प्युरी का नाही?

आता धंद्याकडे येऊ. आपल्या आईचं कैरीचं लोणचं वर्षभर टिकतं. का? मीठ, तेल, आंबटपणा. मुरांबा साखरेवर टिकतो. पापड वाळलेला असतो, त्यात पाणीच नसतं. अन्न टिकवायचे आपल्याला माहीत असलेले सगळे मार्ग एवढेच : मीठ, साखर, आंबट, तेल, वाळवण, थंडी, नाहीतर बाजारचं प्रिझर्वेटिव्ह. आता बाळाच्या प्युरीत यातलं काय घालता येतं? मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, प्रिझर्वेटिव्ह तर नाहीच. वाळवली तर ती प्युरी राहत नाही. उरते फक्त थंडी, आणि वीज गेली की तीही गेली. म्हणजे जंतूंना जे जे हवं, पाणी, गोडवा, मऊपणा, ते सगळं आपण एका बाटलीत भरून देतो आणि त्यांना अडवणारं एकही काही ठेवत नाही.

"मग सर, बाटली सीलबंद करून उकळली तर?" हा प्रश्न त्या दिवशीही आला. इथे फळाचा आंबटपणा मोजावा लागतो, त्याला पीएच म्हणतात. सीमारेषा आहे ४.६. त्याच्या खाली, म्हणजे सफरचंदासारखं आंबट फळ असेल तर उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. पपई आणि चिकू त्या रेषेच्या वर, पिकलेलं केळंही बहुतेक वेळा वरच. तिथे हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. काय वाईट याची कल्पना करा : चिकूची बाटली फसफसली म्हणून ताईंना कळलं तरी. हा जिवाणू वाढला तर दरवेळी वासावरून कळेलच असं नाही.

आणि सीताफळ? त्याची आणखी वेगळीच तऱ्हा. बीड आणि बालाघाटचं सीताफळ आपलं वैभव, पण गर गरम केला की कडू होतो. त्यामुळे त्याला उष्णता देऊन टिकवताच येत नाही. बाजारात त्याचा गर गोठवलेलाच मिळतो तो याच कारणाने. बाळाला द्यायचं तर ताजं, प्रत्येक बी हाताने काढून.

कायदा काय म्हणतो

तुम्ही म्हणाल, फूड लायसन्सचं रजिस्ट्रेशन काढलं की झालं. लोणच्या-पापडाला ती पहिली पायरी आहे, बाळाच्या अन्नाला तेवढ्याने भागत नाही. १९९२चा शिशू अन्नाचा केंद्रीय कायदा आहे, तो २००३मध्ये आणखी कडक झाला. आईच्या दुधाला पूरक म्हणून सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठी जे अन्न विकलं जातं, त्या सगळ्याला तो लागू आहे. त्याची जाहिरात करायची नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवरची रील आली, व्हॉट्सॲप स्टेटसवरची ऑफर आली, नव्या आयांना वाटलेले फुकट सॅम्पलही आले. लेबलवर बाळाचा किंवा आईचा फोटो चालत नाही. ताईंच्या सहाही बाटल्यांवर नेमका तोच होता. शिवाय शिशू आहारासाठी एफएसएसएआयचे २०२०चे स्वतंत्र नियम आहेत. काही जण लेबलवर "दोन वर्षांवरील मुलांसाठी" छापून सात महिन्यांच्या बाळाच्या आईला विकतात. ती पळवाट माझ्या विद्यार्थ्याने घेतलेली मला चालणार नाही.

मागणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२४मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने भारतातल्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली असते आणि युरोपात तशी नसते, असा अहवाल दिला, तेव्हापासून आया लेबल वाचायला लागल्या. कंपनीनेही त्याच वर्षी रिफाइंड साखर नसलेले प्रकार आणायचं जाहीर केलं. लोकांना घरचं हवंय, हे खरंच.

मोटिव्हेशनल व्हिडिओंत गर्बरची गोष्ट सांगतात ती तुम्ही ऐकली असेल. १९२७मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डोरोथी गर्बर ही आई स्वयंपाकघरात लेकीसाठी भाजी गाळून कंटाळली, आणि पुढच्याच वर्षी गर्बर बेबी फूड बाजारात आलं. गोष्ट खरी आहे. पण अर्धी सांगतात. तिच्या नवऱ्याच्या घरचा डबाबंद अन्नाचा कारखाना आधीपासून चालू होता. कल्पना स्वयंपाकघरातली होती, डबे कारखान्यातले होते.

हिशेब तर कागदावर छान दिसतो. समजा, शंभर ग्रॅमच्या कपाला फळ २४ रुपये, कप-झाकण ६, गॅस-वीज ३, पोचवायचं पेट्रोल ५. झाले ३८. विकला ७०ला. रोज वीस कप म्हणजे ६४० रुपये सुटतात. या तक्त्यात एकच ओळ नसते : वाळूजपर्यंत उन्हात गेलेल्या विसाव्या कपाने एखाद्या बाळाला जुलाब लागले तर? त्या ओळीत आकडा घालता येत नाही, म्हणून मी हा धंदा घरगुती पातळीवर करू नका असं स्पष्ट सांगतो.

मग त्या हाताच्या कौशल्याचं काय?

दोन वाटा मी ताईंना सुचवल्या. पहिली, वस्तू न विकता काम विका. ज्या घरी बाळ आहे तिथे जाऊन, त्यांच्याच भांड्यात, त्यांच्यासमोर आठवड्यातून तीनदा ताजं करून द्यायचं आणि आईला शिकवायचं. भांडवल म्हणजे एक पुरणयंत्र.

दुसरी वाट सीताफळाच्या गराची, पण मोठ्यांसाठी. हंगामात रबडीवाले आणि आइस्क्रीमवाले गोठवलेला गर शोधत असतात. एक किलो फळातून अर्धा किलोही गर हाती लागत नाही आणि बिया काढायचं काम किचकट, म्हणून तर ते दुसऱ्याकडून घेतात. यासाठी रजिस्ट्रेशन, डीप फ्रीजर आणि विजेची पर्यायी सोय लागेल. गर काळा पडू नये म्हणून काय करायचं ते परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात विचारा, आपल्या पैठण रोडच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. सध्या अर्ज घेतायत का, ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात जाऊन बघा.

ताईंनी आधी पहिली वाट धरली, सध्या तीन घरं आहेत. चाळीस हजार अजून बँकेतच आहेत. सीताफळाचा हंगाम आला की फ्रीजरचं बघू म्हणतात. त्या बाटल्यांमध्ये आता त्यांच्या घरी जिरं-मोहरी असते.