जुना टेम्पो घेताना : एक सिलिंडर की दोन?

मैत्रिणींनो, भाजी बाजारात न्यायला गटाच्या कर्जातून जुना टेम्पो घ्यायचं ठरलं, की आपल्यापुढे दोन गाड्या येतात. एक आपल्याच बारामतीच्या एमआयडीसीत बनणारी पियाजिओची तीनचाकी आपे. दुसरा २००५ साली आलेला टाटाचा छोटा हत्ती. जुन्या डिझेल आपेला एक सिलिंडर, छोट्या हत्तीला दोन.

सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं आणि पिस्टन ढकलला जातो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरचा असा धक्का एकदाच बसतो, म्हणून आपे थरथरते. मागच्या टोमॅटोंना विचारा! दोन सिलिंडरला हादरे कमी, चढाला दम जास्त. पण पिस्टन, रिंगा, नोझल सगळं दोन-दोन. काम निघालं की खर्चही तसाच.

आम्ही आधी माल मोजतो. रोजचे दहा-बारा क्रेट आणि जवळचा बाजार असेल तर आपे पुरते. इंदापूरहून पुण्याला पाऊण टन न्यायचा असेल तर छोटा हत्तीच.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. निळसर धूर थांबेना, तर ऑइल जळतंय. असल्या दोन सिलिंडरपेक्षा धडधाकट एक बरा. आणि आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.