दोन इंजिनं, एक टाकी

देवबागला आजोळी गेलं की पहाटे जाग येते ती समुद्राच्या गाजेनं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या दिवशी मात्र आवाज उलट्या अंगानं आला. देवबाग म्हणजे एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. खाडीच्या बाजूला दादाच्या होडीची इंजिनं खोकत होती. दोन्ही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला, संगमावर फिरवून आणायला त्याची चोवीस फुटी फायबरची होडी आहे. मागे चाळीस-चाळीस घोड्यांची दोन आऊटबोर्ड इंजिनं, फोर-स्ट्रोक, तीन सिलिंडरांची, कार्बोरेटरवाली. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. होडी माडाखाली ओढून ताडपत्रीनं झाकायची आणि सप्टेंबर उजाडायच्या आत बाहेर काढून चालू करून बघायची, हा वार्षिक रिवाज. आदल्या दिवशी ती पाण्यात लोटली, तेव्हापासून इंजिनं मिसिंग मारत होती. चालू व्हायची, थरथरायची, लिव्हर पुढे ढकलली की घशात काही अडकल्यासारखी थांबायची, मग एकदम उचल घ्यायची. पाच दिवसांवर धंदा आणि गणपतीही तोंडावर.

एका होडीला दोन इंजिनं कशाला, असं मुंबईचा पाहुणा हमखास विचारतो. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथल्या फुटणाऱ्या लाटांत एकदा इंजिन बंद पडलेलं बघितलं असेल, तर हा प्रश्न पुन्हा सुचत नाही. एक गेलं तर दुसऱ्यानं घरी यायचं, एवढाच हिशेब.

आठच्या सुमारास मिस्त्री आले. स्कूटर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाने आणि एक पंचा. पासष्टीचे असतील.

“मिस्त्रीनू, सगळे प्लग बदललंय, फिल्टर बदललंय, तरी तसाच,” दादानं सांगून टाकलं.

“कित्याक बदललंस?”

दादाकडे उत्तर नव्हतं. अंदाजपंचे दाहोदरसे चाललं होतं, हे त्यालाही कळत होतं. मिस्त्रींनी जुने प्लग मागितले. मदतीला असलेल्या पोरानं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, त्यात सहाही प्लग खडखडत होते. मिस्त्रींनी डब्यात बघून जो सुस्कारा सोडला तो मला नीट आठवतो. पाच प्लगांची टोकं ओली, काळपट आणि पेट्रोलचा दर्प येणारी. सहावा कोरडा, जवळजवळ स्वच्छ. ओला प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही. कोरडा म्हणजे तिथवर पेट्रोल पोचतच नाही. पण तो सहावा प्लग कुठल्या इंजिनाचा, कितव्या सिलिंडरचा, हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. साक्षीदार सापडला, पत्ता हरवला. मिस्त्रींनी तो एकटा प्लग उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला.

मग त्यांनी पहिला खरा प्रश्न विचारला: मिसिंग कुठलं मारतं, डावं की उजवं? दोन्ही, दादा म्हणाला.

“दोनय इंजिनां एकाच दिसाक आजारी पडली? मगे रोग इंजिनात नाय, तेंच्या जेवणात असा.”

एका इंजिनाच्या होडीवर हा तर्क करताच येत नाही. तिथे प्लग, कॉइल, कार्बोरेटर, पंप, पेट्रोल, सगळ्यांवर सारखाच संशय. दोन इंजिनं असली की ती एकमेकांची मोजपट्टी होतात. एकच बिघडलं तर त्याच्या स्वतःच्या अंगात शोधायचं. दोन्ही एकदम बिघडली तर दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. बॅटऱ्या दोन होत्या. सामाईक होती फक्त टाकी, शंभर लिटरची, आणि तिच्या पुढचा पाणी वेगळं करणारा फिल्टर. माझ्या मते या होडीची मोठी चूक हीच आहे. दोन इंजिनांचे पैसे मोजायचे आणि दोघांना एकाच ताटात जेवायला बसवायचं! ताटात माती पडली की दोघंही उपाशी.

टाकीत खराबी दोन तऱ्हांची असू शकते, हवेची किंवा पेट्रोलची. हवेची आधी बघून झाली. पेट्रोल खेचलं जाईल तशी त्याच्या जागी हवा आत यावी म्हणून टाकीला बारीक नळी असते. ती बुजली की टाकीत पोकळी होते, पाइपमधला रबरी फुगा चपटा पडतो आणि इंजिनं तहानेनं बंद पडतात. गेल्या साली अशीच एक होडी किनाऱ्यावरून झोकात निघायची आणि पाव तासानं दोन्ही इंजिनं मरायची. कारण काय, तर कुंभारीण माशीनं त्या नळीत मातीचं घर बांधलेलं. टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला म्हणून सापडलं, असं मिस्त्री सांगत होते आणि सांगता सांगता दादाच्या टाकीचं झाकण फिरवत होते. फुस्स झालं नाही. फुगाही दाबून बघितला, टणक होता. हवा ठीक होती.

झाकण हातात घेऊन मात्र ते थबकले. आतली रबरी चकती त्यांनी नखानं उचलली, तिला तीन ठिकाणी चिरा होत्या. ताडपत्री कधी सरकली होती का, हे त्यांनी पोराला विचारलं. जुलैच्या वादळात सरकली होती.

कोकम सरबताची रिकामी काचेची बाटली घरातून आली. मिस्त्रींनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटली अर्धी भरली आणि सावलीत ठेवून दिली. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग बाटलीत आडवी रेघ उमटायला लागली. वर फिकट सोनेरी पेट्रोल, खाली दोन बोटं जाडीचा, जरासा गढूळ, वेगळाच थर.

“ह्या बघ. हयसर पाणी उभा रवलाहा.”

ते नुसतं पाणी नव्हतं, आणि गंमत इथेच आहे. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. थोडं पाणी शिरलं तर ते त्याला पोटात घेतं, पेट्रोल वरून चांगलंच दिसतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याच्या पक्षाला जातं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. इंजिनाची नळी पेट्रोल खेचते तीही तळाजवळूनच. म्हणजे टाकीत तीस लिटर पेट्रोल शिल्लक असलं तरी इंजिनाच्या वाट्याला आधी ते पाणीच. फिल्टरची वाटी पाणी अडवते खरी, पण वाटी एवढीशी. ती भरली की पुढचं सरळ इंजिनात. शिवाय वरच्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचाही दर्जा उतरलेला.

किनाऱ्यावर हल्ली प्रत्येक बिघाड इथेनॉलच्या नावावर खपवतात. ‘हवेतलं पाणी ओढून घेता,’ असं जो तो म्हणतो. कोकणच्या पावसाळी हवेत अर्धी टाकी तीन महिने ठेवली तर थोडा दमटपणा आत जातो, यात शंका नाही. पण दोन बोटं? मिस्त्रींनी चिरलेली चकती दादाच्या तळहातावर ठेवली. पाणी वरून आलं होतं, आभाळातून, झाकणातून. इथेनॉलनं त्याला घरात घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा.

तरी मिस्त्रींनी निकाल दिला नाही. आधी परीक्षा. शेजारच्या होडीवरची लाल सुटी टाकी मागून आणली, तिच्यात ताजं पेट्रोल भरलं, होडीची मूळ टाकी आणि फिल्टर पूर्ण बाजूला ठेवून आधी डावं इंजिन तिच्यावर जोडलं. कार्बोरेटरच्या वाट्यांतलं जुनं पेट्रोल खालच्या स्क्रूमधून डब्यात काढलं, सांडलेलं पुसलं आणि वाऱ्यानं वास उडेपर्यंत कुणाला किल्लीला हात लावू दिला नाही. मग चालू केलं. दोन मिनिटं कुरकुरलं आणि हळूहळू गुळगुळीत झालं. दादाच्या चेहऱ्यावर हसू आलं.

उजवंही तसंच केलं. तेही सुधारलं, पण पुरतं नाही. लिव्हर पुढे केली की छान पळायचं. मागे घेऊन संथ चालू ठेवलं की पुन्हा थरथर.

हसू मावळलं. मला विचाराल तर दोन इंजिनांच्या कामात खरा चकवा इथे असतो. एक रोग दोघांना झालेला दिसला की दुसरा रोग त्याच्या आड लपून बसतो. सामाईक कारण सापडल्याच्या आनंदात आपण इंजिनावरची टोपी लावून मोकळे होतो.

संथ चालताना या इंजिनाचे मिनिटाला सुमारे ९०० फेरे. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दर दुसऱ्या फेऱ्याला पेटतो, म्हणजे एकेक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा. तीनपैकी एक गप्प बसला तर सेकंदाला साडेसात खड्डे. कानाला ते मोजता येत नाहीत, पण इंजिनावर तळहात ठेवला की कळतात. मिस्त्रींनी माझा हात आधी डाव्यावर ठेवला, मग उजव्यावर. डांबरी रस्त्यावरून कच्च्या रस्त्याला लागल्यासारखं वाटलं.

आता गप्प बसलेला कोण, ते शोधायचं. वरून सुरुवात. पहिल्या सिलिंडरच्या प्लगवरची टोपी काढायची, तिच्यात एक जादा प्लग खोचून तो चिमट्यानं इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवायचा, म्हणजे ठिणगीला वाट मिळते आणि कॉइल जळत नाही. मग चालू करायचं. पहिला काढला, इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे तो काम करत होता. तिसरा काढला, तसंच. मधला काढला. काहीही फरक पडला नाही. जो कामच करत नाही, त्याची रजा कुणाला जाणवणार?

दादाचा हात लगेच कॉइलकडे गेला. मिस्त्रींनी तो हळूच बाजूला केला आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी अडीच हजार फेऱ्यांवर. मधला काढला आणि इंजिन खाडकन दबलं. म्हणजे वेगात मधला सिलिंडर उत्तम पेटत होता. ठिणगी होती, दाब होता. कॉइल मेली असती तर ती संथ चालताना मेलेली आणि वेगात जिवंत, अशी सहसा नसते. तरी खात्रीसाठी उजव्याच्या मधल्याचा प्लग आणि डाव्याच्या मधल्याचा प्लग त्यांनी अदलाबदल केले. फक्त तेवढेच, दुसरं काही नाही. थरथर उजव्यातच राहिली. प्लगही सुटला.

उरला कार्बोरेटर. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्बोरेटर असतो आणि त्यात पेट्रोलच्या वाटा निराळ्या. वेगात मुख्य जेटमधून, संथ चालताना एका वेगळ्या, फार बारीक जेटमधून. वेगात ठीक आणि संथात लंगडं म्हणजे बारीक वाट बुजलेली.

होडी खाडीत तरंगत होती. असं काम पाण्यावर करताना पिशवीतल्या पंच्याचा उपयोग कळला. मिस्त्रींनी त्याची दोन टोकं इंजिनाला बांधून खाली झोळी केली. जो स्क्रू सुटेल तो झोळीत, खाडीत नाही. मधला कार्बोरेटर काढला, वाटी उघडली. वाटीच्या तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर, काकवी आटल्यासारखा. बारीक जेट बाहेर आला तो तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, पितळी. त्यांनी तो सूर्याकडे धरून डोळ्याला लावला आणि माझ्याकडे दिला. आतून उजेड आलाच नाही. शेजारच्या कार्बोरेटरचा जेट काढून दाखवला, त्यात सुईच्या टोकाएवढा लख्ख ठिपका.

पोलादी तारेनं भोक मोठं होतं आणि मग जेट कायमचा बिघडतो, म्हणून त्यांनी विजेच्या जुन्या वायरीचं आवरण दातांनी सोललं, आतल्या तांब्याच्या धाग्यांतला एक धागा ओढून काढला आणि क्लीनरमध्ये भिजलेल्या जेटमधून अलगद फिरवला. फुंकर. पुन्हा सूर्याकडे. ठिपका उमटला.

सगळं जोडल्यावर उजवं इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. माझा हात आपसूक त्याच्यावर गेला. खड्डे गेले होते. मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून सकाळचा कोरडा प्लग काढला आणि दादाला दिला. पत्ता सापडला होता: उजवं, मधला.

पण पेट्रोल दोघांचं एक, पावसाळा दोघांचा एक, मग उजव्याच्याच वाटीत काकवी का? मिस्त्री पोराकडे बघत राहिले. पोरगं पायाच्या अंगठ्यानं होडीचा तळ खरवडायला लागलं. मेमध्ये होडी ओढून ठेवताना इंजिनं गोड्या पाण्यानं धुवायची आणि पेट्रोलचा पाइप काढून वाट्या कोरड्या होईपर्यंत चालवायची असतात.

“डाव्याचा केलंय. तेवा पावस इलो. उजवा तसाच रवला.”

कुणी ओरडलं नाही. टाकी उपसून, पुसून, वाळवून, नवी चकती बसवून होईपर्यंत दुपार झाली. काढलेलं पेट्रोल कॅनमध्ये भरून, वर खडूनं फुली मारून घरापासून लांब ठेवलं.

तीन वाजता भरतीला आम्ही खाडीत फेरी मारली. संगमाकडे समुद्र अजून पांढरा होता, तिकडे कुणी वळलं नाही. दोन्ही लिव्हर सारख्या पुढे केल्या तरी दोन इंजिनं अगदी एकाच वेगानं फिरत नाहीत. दोघांचे आवाज एकमेकांवर चढून घूंऽ… घूंऽ… असा हेलकावा येतो. मिस्त्री डोळे मिटून बसले होते. दादा उजवी लिव्हर केसभर मागे घेत गेला. हेलकावा लांबला, आणखी लांबला, आणि एका क्षणी एकच आवाज राहिला. मग त्यांनी उजवं बंद करायला लावलं, फक्त डाव्यावर माघारी वळवलं. नंतर डावं बंद, फक्त उजव्यावर.

होडी माडाला बांधली. धंदा सुरू व्हायला अजून पाच दिवस होते. पोरगं गोड्या पाण्याचा पाइप घेऊन आलं आणि सवयीनं डाव्या इंजिनाकडे वाकलं.

“रे झिला,” मिस्त्री पिशवीत पंचा घालता घालता म्हणाले, “आता उजव्याचो नंबर पयलो.”