डिसेंबरच्या वादळात गाढीचं पाणी का चढतं?



पावसाळ्यात गाढी कधी चढणार, हे आपण माथेरानच्या डोंगराकडे बघून ओळखतो. थंडीतल्या वादळात मात्र डोंगराइतकंच खाडीकडे बघावं लागतं, आणि नेमकं तिथेच आपण गाफील राहतो.

२०१७ चं ओखी वादळ आठवा. कन्याकुमारी, लक्षद्वीप करत ते अरबी समुद्रातून वर आलं. ३ डिसेंबरला दत्तजयंतीची पौर्णिमा, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. त्यातच ४ आणि ५ तारखेला वारा-पाऊस आपल्याकडे पोचला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. वादळ समुद्रातच कमजोर होऊन ५ च्या रात्री दक्षिण गुजरातकडे गेलं. तेच जोर धरून इकडे वळलं असतं तर?

*होतं काय?* गाढी शेवटी पनवेलच्या खाडीत उतरते. भरतीला खाडी भरली की नदीच्या पाण्याला वाट राहत नाही. वादळी वारा समुद्राचं पाणी आणखी आत रेटतो. हवेचा दाब उतरल्यानेही समुद्र थोडा वर येतो (१ मिलिबारला साधारण १ सेंमी). अशा वेळी वरून पाऊस आला की पाणी मागे तुंबतं. म्हणून करंजाडेच्या बाजूला, काठच्या सखल शेतात, पाऊस फार मोठा नसतानाही पाणी येऊ शकतं. उघाडीची दारं भरतीत बंद असतात, त्यामुळे शेतातलं पाणीही बाहेर पडत नाही.

*भरतीची वेळ* आपल्या जुन्या लोकांच्या हिशोबाने काढता येते: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. हीच वेळ दिवसाही आणि रात्रीही. तासाभराचा फरक धरून चाला, खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोचते. आणि रात्रीची भरती विसरू नका, पंप बहुतेक तेव्हाच बुडतात.

वादळाचा इशारा आला की भरतीच्या आधी, ओहोटीतच कामं उरका. कापलेलं भात, उडव्या आणि पेंढा उंचावर न्या, नुसती ताडपत्री टाकून भागणार नाही, पाणी खालून येतं. पंप व स्टार्टर सोडवून घरी आणा. उघाडीत अडकलेला गाळ, प्लास्टिक काढा. बांधाला भोक किंवा खेकड्याचं बीळ दिसलं तर आजच बुजवा, उद्या तिथेच खांड पडते.

खारं पाणी शेतात शिरलंच तर अडवून ठेवू नका, ओहोटी लागताच सोडून द्या. पुढचे काही दिवस नदीचं पाणी वाल, भाजीला देण्याआधी खारटपणा तपासा. पाणी असतानाच तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात.

ज्यांची शेती काठाला लागून आहे त्यांनी आपला गट नंबर आणि जवळची उघाडी या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. इशारा आला की त्यांना आधी फोन करू.